तिसऱ्या हाकेचा करार

नवं गावठाण, ता. संग्रामपूर
८ सप्टेंबर

चि. मयुरीस जय भीम.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहायला तुला महिना लागला, तरी मी ते कौतुकानं जनकाबाईला वाचून दाखवलं. फोन का करत नाहीस म्हणतेस. इथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, आणि या गुडघ्यांनी मी टाकीवर चढले तर लोक पोलिसांना बोलावतील. तेव्हा पत्रच लिही. आयुष्यभर परक्यांच्या पोरांना पत्रलेखन शिकवलं, सख्ख्या भाचीला ते जड जावं म्हणजे कमाल आहे.

परवा जनकाबाईबरोबर जुन्या गावात गेले होते. तिचा पाटा तिथंच राहिला होता. गाव उठून दीड वर्ष झालं, पण कोणी चौकटी काढायला जातं, कोणी शेळ्या घेऊन मुक्कामच करतं. आता तिथं घराघरात भिंतीला डबे ठोकले आहेत. दिवेलागण झाली आणि जनकाबाईच्या रिकाम्या घरात डबा एकदम बाईच्या आवाजात म्हणाला, "घरात कोणी आहे का?" जनकाबाईनं माझं मनगट धरलं. "माया, बोलू नको माय! पह्यल्या हाकेले ओ देत नसते कोनी." आम्ही दोघी चिडीचूप. डबाही गप्प झाला. त्याच्या मते ते घर रिकामं होतं आणि आम्ही त्याच्या नाकासमोर उभ्या होतो.

डबे लावणारा गोकुळ नावाचा इंजिनियर बुलढाण्याचा आहे. तो म्हणाला, "बाई, आम्ही फक्त डबे लावले. इचारनारी कंपनी पुन्याची हाय, तुमची भाची हाय ना ज्या कंपनीत, तीच." हे काय प्रकरण आहे ते मला समजेल असं लिही.

बाबांच्या, म्हणजे तुझ्या आबाजींच्या, पुण्यानुमोदनाचं तू विचारलंस. गावही विचारतं. मी करणार नाही. शेवटचा ट्रक भरला त्या संध्याकाळी ते चढायला निघाले आणि थांबले. "माया, कोनी हाक मारून राह्यलं," म्हणाले आणि अंगावरची शाल सावरत गल्लीत वळले. मला कसलीच हाक ऐकू आली नव्हती. विहिरी पाहिल्या, डोह पाहिला, पोलिसांचं कुत्रंसुद्धा आलं. अख्ख्या गावाला तिसऱ्या हाकेची शिस्त लावणारा माणूस पहिल्याच हाकेला गेला. ते सापडेपर्यंत मी त्यांना मेलेले म्हणणार नाही.

तुझी
महामाया आत्या


पुणे
१४ सप्टेंबर

आत्यास जय भीम.

तुझं पत्र ऑफिसात फोडलं आणि कपाळाला हात लावला. तिसऱ्या हाकेचं मी विसरलेच कशी! लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत येत असे, तेव्हा तिन्हीसांजेला कोणी बोलावलं की आबाजी माझ्या तोंडावर हात ठेवायचे आणि तिसरी हाक येईपर्यंत काढायचे नाहीत. कारण जे माणूस नाही ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही.

आता डब्यांचं सांगते. धरणाची दारं ऑक्टोबरच्या अखेरीस पडणार आणि जुनं गाव पाण्याखाली जाणार. त्याआधी तिथं खरंच कोणी उरलेलं नाही ना, हे दारांच्या यंत्रणेनं रोज विचारायचं. ती विचारणारी बाजू आमची. डबे आणि त्यांतून येणारं उत्तर गोकुळच्या कंपनीचं.

तू हेडमास्तरीण होतीस तेव्हा वरून पट मागायचे, आठवतं? मुलं किती, मुली किती. तू खाली सुंदर अक्षरात 'वर्गाचं छप्पर गळतं' लिहायचीस, आणि ते कोणी वाचत नसे, कारण ते मागितलेलंच नव्हतं. आमचंही तसंच आहे. मागणारा आधी लिहून ठेवतो, मी असं विचारीन, तू मला या रूपात उत्तर दे. त्याला आम्ही करार म्हणतो. देणाऱ्यानं स्वतःच्या यंत्रणेत काहीही बदललं, तरी आधी माझा करार चालवून बघायचा. तो मोडला तर बदल बाहेर पडत नाही. म्हणजे देणाऱ्याकडे माल असला तरी शब्द मागणाऱ्याचा चालतो. फक्त एक लक्षात ठेव. करार उत्तराचं रूप तपासतो. उत्तर खरं की खोटं, ते त्याला कळत नाही.

हा करार मीच लिहिला होता, आणि 'हाक मार' एवढंच लिहिलं होतं. आज बदलला. आता प्रत्येक घरी तीन हाका मारल्याशिवाय 'रिकामं' असं उत्तर मी स्वीकारणार नाही. इथली पोरं हसली. मले-तुले करणारी मुलगी आता भुतांचेही नियम घालते म्हणाली. हसू देत. आपला माणूस आत गप्प बसून राहिला आणि दारं पडली, तर कोण हसणार आहे?

तुझी
मयुरी


नवं गावठाण
२२ सप्टेंबर

चि. मयुरीस,

करार समजला. छपराचं लिहिलंस ते वर्मी लागलं. ते छप्पर शेवटी पडलंच, रविवार होता म्हणून पोरं वाचली.

डबे आता तीनदा विचारतात असं शेळ्यावाला गजेंद्र सांगतो. तिसऱ्यांदा त्यानं ओ दिला म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उठवायला माणसं आली. बिचारा तुझ्या नावानं बोटं मोडतो आहे. पण तो पाण्यात जाण्यापासून वाचला, हे माझ्या मनात पक्कं आहे.

मी काही पुन्हा तिकडे गेले नाही. गुडघे दुखतात. फक्त विचारते, आपल्या घराचं उत्तर काय येतं गं?

आत्या


पुणे
२९ सप्टेंबर

आत्या,

तू विचारलंस म्हणून पाहिलं, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही. गजेंद्रला उठवल्यापासून सगळं गाव रिकामं उत्तर देतं. आपलं घर सोडून. तिथून रोज तिसऱ्या हाकेनंतर 'माणूस आहे' असं येतं.

गोकुळनं दिवसा माणसं पाठवली. घरात कोणी नाही, अंथरूण नाही, भांडं नाही. फक्त चुलीजवळची जागा झाडलेली आहे म्हणाले. वाऱ्यानं जागा झाडली जाते का गं?

गोकुळ म्हणाला, डबे उत्तराचा आवाजही पाठवतात. पण तो कुणाच्याच करारात नाही, म्हणून पुढच्या बदलात ते काढून टाकणार होते. ज्याला कोणी मागत नाही ते आमच्याकडे असंच जातं, कुणाला पत्ताही लागत नाही. मी लगेच करारात घातलं, उत्तर 'माणूस आहे' असेल तर त्याचा आवाज मला हवा. आता त्यांना तो द्यावाच लागेल. पुढच्या आठवड्यात मला ऐकायला मिळेल.

खरं सांगू? तो आबाजींचा असावा असं वाटतं, आणि नसावा असंही.

मयुरी


पुणे
८ ऑक्टोबर

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. आवाज मिळाला. एकच 'ओ'. पहिल्यांदा ऐकला आणि हेडफोन काढून ठेवले. मग परत ऐकला.

आत्या, तो तुझा आवाज आहे.

गुडघे दुखतात म्हणे! रोज एवढं लांब चालत जातेस, अंधारात परत येतेस, रस्त्यात साप-किरडू. आणि मला लिहितेस मी गेले नाही. मला तुझा राग आला आणि मग रडू आलं. आबाजी सापडल्याशिवाय दारं पडू नयेत, म्हणून तू डब्याला ओ देतेस, हे न कळण्याइतकी मी लहान नाही. पण असं किती दिवस चालेल? खालच्या गावांची रब्बी या पाण्याच्या भरवशावर आहे. इथं वरिष्ठ विचारतात, एका घरासाठी सगळं अडलं का?

नको जाऊस गं.

मयुरी


नवं गावठाण
१३ ऑक्टोबर

चि. मयुरीस,

खोटं बोलले ते खरं. मी जाते. चुलीजवळची जागाही मीच झाडते. पण तू म्हणतेस त्या कारणासाठी नाही.

मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाची लेक. शाळेत भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलं आहे. तेव्हा आता जे लिहिते ते मला लिहायला किती जड जातं ते समजून घे.

ऑगस्टमध्ये मी एकदा एकटीच गेले होते, डबे लागायच्या आधी. दिवेलागणीला मागच्या खोलीतून हाक आली, "माया." एकदाच. मी पळून आले. दुसऱ्या दिवशी गेले, पुन्हा एकदाच. मी ओ दिला नाही. शिस्त त्यांचीच. मग तू तिकडे करार बदललास, आणि त्या आठवड्यापासून हाक तीनदा येऊ लागली. सावकाश, मध्ये थांबून, बाबा मारायचे तशी. तिसऱ्या हाकेला बापाला ओ द्यायचा नाही, असं मला कोणी शिकवलेलं नाही. मी ओ देते. मग शांत होतं. मी थोडा वेळ बसते आणि येते.

मागच्या खोलीत जाऊन पाहत नाही. भीती वाटते. ते तिथं असतील याची वाटते आणि नसतील याचीही वाटते.

आणि हो, तुमच्या डब्याची ती बाई आपल्या घरात मी कधीच ऐकलेली नाही. तो डबा मुका आहे. गोकुळला विचार.

आत्या


पुणे
१८ ऑक्टोबर

आत्या,

गोकुळला विचारलं. तो स्वतः जाऊन आला. म्हणाला, "मॅडम, त्या घरच्या डब्याले भोंगाच नाही हो. पह्यल्याच हप्त्यात वानराईनं उपटून नेला असन." डबा हाक मारायचा हुकूम देतो आणि तीन हाका झाल्या असं मोजतो. आवाज निघाला की नाही हे त्याला कळत नाही. ऐकायचा भाग मात्र शाबूत आहे. करारात सगळं चोख बसतं, रोज 'ठीक आहे' म्हणून हिरवी खूण येते.

म्हणजे त्या घरात आमच्या बाजूनं कोणी विचारतच नव्हतं, आणि तू उत्तर देत होतीस.

आवाज टिपला जातो तो तिसऱ्या हाकेनंतर. मी फक्त उत्तर मागितलं होतं, हाक मागितली नव्हती. हाकही हवी असं करारात घातलं तर ती येईल. काल मी ती ओळ लिहिली. मागितलं की द्यावंच लागतं, हे वाक्य मीच तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ते आठवलं. मी ती ओळ पुसून टाकली. मला ऐकायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. वरून निर्णय आला आहे. दिवसा पाहणीत घर रिकामं निघालं, डबा बिघडलेला आहे, म्हणून आपलं घर प्रश्नातूनच काढायचं. मग ते काय उत्तर देतं याला अर्थ उरणार नाही. दारं सत्तावीस तारखेला सकाळी पडतील. आदल्या संध्याकाळी तो शेवटचा बदल मला माझ्या हातानं सोडायचा आहे.

मला तुझा शब्द हवा. त्या संध्याकाळी तू तिथं असणार नाहीस. पाणी पायथ्याच्या गल्लीत आधी शिरेल आणि मागचा रस्ता तुटेल. आबाजी गेले, आता तूही गेलीस तर मला तिकडे कोण आहे?

मयुरी


नवं गावठाण
२२ ऑक्टोबर

चि. मयुरीस,

शब्द दिला. जाणार नाही.

दोन दिवस तापानं पडून आहे, म्हणून नव्हे. तुझं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून. मेलेल्यासाठी, किंवा काय असेल त्यासाठी, जित्या पोरीला रडवू नये एवढी अक्कल मला आहे.

आपलं घर प्रश्नातून काढ. खालच्या शेतांना पाणी मिळू दे, बाबांनाही तेच आवडलं असतं. फक्त मन दुखतं ते असं, की आता त्या घरात कोणी आहे का, हे जगात कोणीच विचारणार नाही. तीन हाका तरी होत्या.

जनकाबाई उशाशी बसून आहे. काळजी करू नकोस.

आत्या


पुणे
२९ ऑक्टोबर

लबाड आत्या,

'शब्द दिला, जाणार नाही'! हे पत्र मला काल पुण्यात परत आल्यावर मिळालं. हसावं की रडावं ते कळेना.

तुझं उत्तर वेळेत आलं नाही म्हणून मी पंचवीसला निघाले. गावठाणातल्या कुणाचाच फोन लागेना. शेगावला गाडीच उशिरा पोचली, पुढची एसटी रखडली. संग्रामपूरला माझ्या मैत्रिणीची, प्रतीक्षाची, स्कूटी घेतली तेव्हा ऊन उतरलं होतं. आधी तुझ्या घरी यावं तर मी नवं गावठाण अजून पाहिलेलंच नाही, आणि मनात एकच, तू तिकडे असशील. तशीच जुन्या गावात घुसले.

आपल्या घरासमोर उभी राहिले. आत जायची हिंमत नव्हती. हाक मारायला तोंड उघडलं, पण तिन्हीसांजेला त्या दारात 'आत्या' म्हणायची भीती वाटली. मग नुसतं 'अहो, चला ना' म्हटलं. काही नाही. परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आतून 'ओ' आला. तापानं तुझा घसा किती बसला होता!

तू बाहेर आलीस. आबाजींची ती तपकिरी शाल डोक्यावरून घेतलेली, तिला अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतो. पाय अनवाणी. एक शब्द बोलली नाहीस. मी ओळखलं, रागावली आहेस. मागे बसलीस तेव्हा स्कूटी दबलीसुद्धा नाही. इतकी वाळलीस का गं? मी वाटभर बडबडत होते, माफी मागत होते. गावठाणात शिरताच विहारासमोरच्या कोपऱ्यावर थांबवलं, पुढचं घर तुला ठाऊकच होतं. गोकुळ दारांपाशी वाट बघत होता, बदल सोडायचा होता. म्हटलं, सकाळी येते. तू उतरलीस आणि तिथंच उभी राहिलीस, जशी काही वाट विचारणार आहेस. मी निघाले. सकाळी दारांपाशी इतका वेळ गेला की बस चुकली असती. माफ कर, भेटले नाही.

एक सांगायचं राहिलं. बदल सोडण्याआधी मी आपल्या घराला शेवटचं विचारून पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा उत्तर आलं, रिकामं.

तू माझं ऐकलंस आणि बाहेर आलीस. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. दिवाळीच्या सुटीत येते, आता नक्की.

तुझी
मयुरी


नवं गावठाण
४ नोव्हेंबर

मयुरी,

तुझं पत्र जनकाबाईनं हातात दिलं, आणि वाचल्यावर तिनंच मला पाणी पाजलं.

मी शब्द मोडला नाही. सव्वीस तारखेला संध्याकाळी मी या खाटेवर होते. ताप इतका होता की उठून बसता येत नव्हतं. जनकाबाई होती, तिची सून प्रेरणा होती. हवं तर दोघींना विचार. मला कोणी स्कूटीवरून आणलेलं नाही. आणि वीस तारखेपासून त्या डब्याला ओ देणारीही मी नव्हते.

ती तपकिरी शाल माझ्याकडे नाही. ती बाबांच्या अंगावर होती, ट्रकपासून वळले तेव्हा.

मी तुला घाबरवायला लिहीत नाही. मला स्वतःला काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. पाणी चढल्याचं ऐकलं त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून रडले होते, की माझा बाप तळाशी राहिला. आणि आज कळतं की तू त्यांना बाहेर आणलंस. तू कोणाचं नाव घेतलं नाहीस, 'अहो, चला' म्हणालीस, आणि ते आले. माझ्या ओ मध्ये ते नव्हतं. मी रोज नुसतं उत्तर देत राहिले, चला म्हणायचं मला सुचलंच नाही.

पण तेव्हापासून दिवेलागणीला इथं कोणी तरी रस्त्यानं चालतं. अनवाणी पावलं. एका दारापाशी थांबतात, पुढे जातात, दुसऱ्या दारापाशी थांबतात. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येतात. प्रेरणा म्हणाली, "आत्याबाई, कोनी घर शोधून राह्यलं वाटते." मी काल दारात उभी राहून बाबा म्हणून ओरडले. पावलं थांबली. मग पलीकडच्या गल्लीतून येऊ लागली.

पोरी, तू त्यांना कोपऱ्यावर का उतरवलंस? दारापर्यंत का नाही आणलंस? इथं सगळी घरं एका मापाची, एका रंगाची. त्यातलं आपलं कोणतं, ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी हे घर कधी पाहिलेलंच नाही.

आत्या